खिसा बघून सरोवर दाखवायचं?

उत्तर इंग्लंडमधल्या मराठी घरांत जेवणं आटोपली की हल्ली एक विषय हमखास निघतो. मँचेस्टर, लीड्स, न्यूकॅसलला शिकायला आलेली आपली मुलं पाठीवर पिशव्या टाकून लेक डिस्ट्रिक्टला जातात. हॉस्टेलच्या सामाईक खोलीत झोपतात, तिथल्याच स्वयंपाकघरात मुगाची खिचडी टाकतात, बसने आणि पायी फिरतात आणि बऱ्या हॉटेलच्या एका रात्रीच्या भाड्यात तीन-चार दिवस काढून परत येतात. इथे स्थिरावलेल्या मंडळींचं या मुलांबद्दलचं मत फारसं बरं नाही. परवा अशाच एका बैठकीत एका स्नेह्यांनी ते अगदी मोकळेपणाने मांडलं. ही फुकटी गर्दी त्या चिमुकल्या गावांना काही देत नाही, उलट गावं नासवते. तळ्याकाठी कचरा करते. आणि चार गोऱ्यांसमोर आपली शोभा होते ती वेगळीच. ज्याला परवडतं त्याने जावं, चांगल्या हॉटेलात उतरावं, बोटीत बसावं. ज्याला परवडत नाही त्याने नोकरी लागेपर्यंत थांबावं. थोडे पण दर्जेदार प्रवासी यावेत, त्यातच त्या गावांचं हित आहे.

वाद तिथे अर्धवट राहिला, कारण कॉफी आली आणि गाडी घरांच्या किमतींवर गेली. पण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही, म्हणून उत्तर लेखी देतो.

आधी हे सांगायला हवं की मत शिळं आहे. ते १८४४ सालचं आहे, आणि तेव्हा ते मांडणारा माणूस आमच्या स्नेह्यांपेक्षा बराच मोठा होता. केंडलच्या बाजूने विंडरमीअर सरोवरापर्यंत रेल्वे आणायची योजना त्या सुमारास पुढे आली. रायडलला राहणाऱ्या, आदल्याच वर्षी राजकवी झालेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या विल्यम वर्ड्सवर्थने तिच्याविरुद्ध सुनीत लिहिलं आणि ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये पत्रंही लिहिली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की डोंगरदऱ्यांचं सौंदर्य कळायला लागणारी नजर कुणी जन्माला येताना आणत नाही, ती सावकाश तयार होते. गिरणीतल्या मजुरांना आगगाडीत कोंबून हजारोंनी इथे आणून सोडलं तर त्यांच्या पदरात काही पडणार नाही आणि इथली शांतता मात्र जाईल. त्यापेक्षा त्यांनी आपल्या घराजवळच्या शेतांतून फिरून यावं. भाषा सभ्य आहे, मधूनमधून कळवळ्याचीही आहे. मथितार्थ मात्र कॉफीच्या आधी ऐकला तोच. याच कवीने सरोवर-प्रदेशाची जी मार्गदर्शिका लिहिली, तिच्यात हा मुलूख साऱ्या देशाच्या मालकीचा मानावा, असा विचार त्याने पूर्वी मांडलेला होता. रूळ अंगणाशी येऊ लागले तेव्हा तो विचार मागे पडला.

आणि तरुणपणी हा वर्ड्सवर्थ स्वतः कोण होता? १७९० च्या जुलैत, वय वर्षं वीस, केंब्रिजची परीक्षा तोंडावर असताना तो रॉबर्ट जोन्स नावाच्या मित्राबरोबर कॅलेला उतरला. दोघांकडे प्रत्येकी वीसेक पौंड होते आणि सामान म्हणजे एकेक गाठोडं. फ्रान्स ओलांडून ते पायी आल्प्सकडे गेले. जिनिव्हा, माजोरे, कोमो, लुसर्न, झुरिक, कॉन्स्टन्स अशी सरोवरामागून सरोवरं आणि त्यांच्या काठची गावं त्यांनी पायाखाली घातली. कोमोच्या काठी ग्राव्हेडोनाजवळ घड्याळाचे टोल समजण्यात घोटाळा झाला, पहाट झाली असं वाटून ते भर रात्री निघाले आणि रानात अडकून पडले. परतीच्या वाटेवर त्यांनी एक होडी विकत घेऊन ऱ्हाइन नदीतून प्रवास केला आणि काम झाल्यावर ती विकून टाकली. त्या काळी बरे इंग्रज तरुण युरोप पाहायला जायचे ते घोडागाडीतून, बरोबर नोकर आणि शिक्षक घेऊन. गाठोडं घेऊन पायी जाणं बऱ्या घरच्यांना शोभणारं नव्हतं. म्हणजे परदेशातल्या सरोवरांकाठची गावं कमीत कमी पैशांत पालथी घालणारा पोरगा म्हणून ज्याची गणना करावी, तो हाच. त्या भटकंतीने पुढे त्याच्या कवितेला किती पुरवठा केला, हे इंग्रजीचे प्राध्यापक सांगतील. मला इतकंच विचारायचं आहे, की कोमोच्या काठच्या गावकऱ्यांनी ‘दर्जेदार प्रवासी’ हवेत म्हणून त्याला परत पाठवलं असतं तर?

आमचे स्नेहीही, जाता जाता सांगतो, तरुणपणी हरिश्चंद्रगडाच्या गुहेत झोपल्याचं फार रंगवून सांगतात.

रेल्वे आली. २० एप्रिल १८४७ ला ती सुरू झाली आणि सरोवरापासून थोडी अलीकडे, बर्थवेट नावाच्या वस्तीशी थांबली. त्या स्टेशनाभोवती जे गाव वाढलं, तेच आजचं विंडरमीअर. सहलीच्या कोचमधून उतरून ज्या रस्त्यावर आमची मंडळी फोटो काढतात, तो रस्ताच मुळी ‘स्वस्त गर्दी’ आणणाऱ्या गाडीची निर्मिती आहे. वर्ड्सवर्थची सगळी भीती खोटी ठरली असं मी म्हणत नाही. सरोवराकाठच्या बोनेस गावाचा धक्का ऑगस्टमधल्या रविवारी पाहिला तर त्याची आठवण येते. पण सरोवराचा काठ अडवला कुणी? बोनेसच्या दक्षिणेला आणि उत्तरेला काठाकाठाने पाहत गेलं की प्रशस्त बागा आणि त्यांतले वाडे दिसत राहतात. ते मँचेस्टर-लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी, गिरणी-मालकांनी, दारूच्या भट्ट्यांच्या मालकांनी बांधले. ब्लॅकवेल हा एका बीअर-सम्राटाचा बंगला, ब्रॉकहोल हा रेशमाच्या व्यापाऱ्याचा. मजूर संध्याकाळच्या गाडीने परत गेले. मालक कुंपण घालून राहिले. ब्रॉकहोलचा काठ सामान्य माणसाला मोकळा झाला तो राष्ट्रीय उद्यानाने तो वाडा घेऊन १९६९ मध्ये तिथे प्रवासी केंद्र उघडलं तेव्हा. आज विंडरमीअरच्या अगदी पाण्यालगत रात्र काढायची असेल तर बहुधा एकतर मोठं हॉटेल गाठावं लागतं, नाहीतर अ‍ॅम्बलसाइडच्या वॉटरहेडचं युथ हॉस्टेल. आमच्या स्नेह्यांच्या हिशेबाने यातलं दुसरं नकोच.

वर्ड्सवर्थनंतर रस्किन. कॉनिस्टनच्या काठी ब्रँटवुडला राहणाऱ्या या थोर कलासमीक्षकाने १८७६ मध्ये रेल्वे आणखी आत, अ‍ॅम्बलसाइडकडे नेण्याविरुद्धच्या पत्रकाला प्रस्तावना लिहिली आणि मजूर नशेत हेल्व्हेलिनचा डोंगर पाहतील, ते नको, अशा आशयाची शेलकी शेरेबाजी केली. रस्किन गरिबांचा शत्रू नव्हता, उलट त्यांच्या बाजूने तो आयुष्यभर लिहीत आला. म्हणून तर हे जास्त बोचतं. रेल्वे पुढे गेली नाही. पण त्याच हेल्व्हेलिनच्या पायथ्याशी थर्लमिअरला मँचेस्टरच्या नगरपालिकेने धरण बांधलं. १८७९ मध्ये कायदा झाला आणि १८९४ मध्ये जवळजवळ शंभर मैलांच्या जलवाहिनीतून ते पाणी मँचेस्टरच्या नळांना आलं. रस्किनने त्यालाही विरोध केला होता हे खरं, पण निकाल काय लागला ते पाहा. तळं कामगाराच्या घरी जाऊ शकलं. कामगार तळ्याकडे जाऊ नये असं सभ्य लोकांना वाटत राहिलं.

मग ही गावं, हे डोंगर सगळ्यांसाठी उघडे राहिले कसे? इथे आमच्या स्नेह्यांच्या इतिहासात मोठी फट आहे. केझिक गावाच्या डोक्यावर लॅट्रिग नावाची बुटकी टेकडी आहे. वरून डरवेंटवॉटरचं सगळं पाणी दिसतं. गावकरी आणि पाहुणे पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर जात होते. जमिनीचे मालक असलेल्या स्पेडिंग घराण्याने वाटा बंद केल्या. तेव्हा हेन्री जेंकिन्सन या मार्गदर्शिका लिहिणाऱ्याच्या पुढाकाराने १ ऑक्टोबर १८८७ ला सुमारे दोन हजार माणसं अडथळे काढत माथ्यावर चालून गेली. पुढच्या वर्षी खटला तडजोडीने मिटला आणि माथ्याची वाट खुली झाली. डोंगरावर फिरण्याच्या हक्कासाठी झालेला किंडर स्काउटचा १९३२ चा प्रसिद्ध सत्याग्रह व्हायला अजून पंचेचाळीस वर्षं होती. त्या सत्याग्रहात मँचेस्टरचे तरुण कामगार होते आणि त्यांतल्या काहींनी तुरुंगही पाहिला.

केझिकजवळच्या क्रॉस्थवेटचे पाद्री हार्डविक रॉन्स्ली हे नॅशनल ट्रस्टच्या १८९५ मधल्या संस्थापकांपैकी एक. डरवेंटवॉटरच्या पश्चिम काठचं ब्रँडलहाउचं रान विकायला निघालं, तिथे बंगले उठण्याची चिन्हं होती. तेव्हा ट्रस्टने लोकवर्गणीतून साडेसहा हजार पौंड जमवून १९०२ मध्ये ते घेतलं. सरोवर-प्रदेशातली ट्रस्टची ही पहिली खरेदी. वर्गणी देणाऱ्यांत कारखान्यात राबणारी माणसंही होती, काही शिलिंग पाठवणारी. आज त्या काठाने चालताना कुणी तिकीट मागत नाही, ते या शिलिंगांमुळे.

आणि वेनराइट. ब्लॅकबर्नमधल्या एका दारुड्या गवंड्याचा मुलगा, तेराव्या वर्षी शाळा सुटलेली, नगरपालिकेत कारकून. १९३० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, साठवलेल्या पैशांत आठवडाभराच्या सुट्टीवर चुलतभावाबरोबर विंडरमीअरला आला आणि स्टेशनामागच्या ऑरेस्ट हेडवर चढला. जे दिसलं त्याने त्याचं आयुष्य बदललं. पुढे केंडलला नोकरी घेऊन तो तिथेच राहिला, तिथला खजिनदार झाला, आणि १९५५ ते १९६६ या काळात त्याने हाताने लिहून, हाताने चित्रं काढून २१४ डोंगरांच्या मार्गदर्शिकेचे सात खंड तयार केले. गाडी त्याला चालवता येत नव्हती. शनिवार-रविवारच्या बस पकडून त्याने हे सगळे डोंगर पायाखाली घातले. आज ज्याची पुस्तकं केझिक, अ‍ॅम्बलसाइडच्या प्रत्येक दुकानात ठेवलेली असतात, तो माणूस आमच्या स्नेह्यांच्या व्याख्येप्रमाणे फुकट्याच. (स्वभावाने तो तिरसट होता आणि गर्दीवर त्याचाही राग होता. पण आपण सोडून बाकीचे सगळे म्हणजे गर्दी, असं कुणाला वाटत नाही?)

वेनराइट ऑरेस्ट हेडवर चढला त्याच वर्षी इंग्लंड-वेल्सची युथ हॉस्टेल संघटना स्थापन झाली. जर्मनीत रिचर्ड शिरमान या शिक्षकाने सुरू केलेली ही कल्पना. तुटपुंज्या कमाईच्या तरुणांना डोंगर-शेतांच्या देशात नेणं हा इथल्या संघटनेचा लिखित हेतू. सुरुवातीला रात्रीचा एक शिलिंग घेत, सकाळी झाडलोट किंवा भांडी करावी लागे, आणि कितीतरी वर्षं मोटारीने येणाऱ्याला दार बंद असे. म्हणजे ज्याला आज ‘दर्जेदार’ म्हणतात, नेमका त्यालाच प्रवेश नाही!

आता पैशांचं बोलू, कारण ‘गावाला काही देत नाहीत’ हा आरोप पैशांचा आहे. दिवसाचा खर्च मोजला तर हॉस्टेलवाला कमी खर्च करतो. यात वाद नाही. सामाईक खोलीतली खाट गर्दीचा हंगाम सोडला तर वीस-पंचवीस पौंडांच्या आसपास पडते आणि हॉटेलची खोली सहज दीडशेच्या पुढे जाते. पण तो किती वेळ राहतो आणि कधी येतो, हे कुणी विचारत नाही. आपल्या सहलींचा कोच बोनेसला येतो, माणसं बोटीत बसतात, आइस्क्रीम खातात, स्वच्छतागृहाच्या रांगेत उभी राहतात आणि ‘विंडरमीअर झालं’ म्हणत स्कॉटलंडच्या रस्त्याला लागतात. अ‍ॅम्बलसाइडला तीन रात्री राहणारी मुलगी तिथल्या दुकानातून पाव, अंडी, दूध घेते, बेकरीत जाते, एखाद्या दुपारी पावसाने झोडपल्यावर कॅफेत सूप मागवते, आणि मोजे भिजले की बुटांच्या दुकानात शिरते. पाऊस तर ठरलेलाच. बॉरोडेलच्या सीथवेटला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, म्हणजे रत्नागिरीच्या तोडीचा, आणि तो बाराही महिने वाटून. म्हणून तर हॉस्टेलात ओले बूट-जाकिटं वाळवायची गरम खोली असते आणि संध्याकाळी निम्मी ओळख तिथेच होते. शिवाय विद्यार्थी स्वस्ताच्या दिवसांत येतो. नोव्हेंबरातला बुधवार, फेब्रुवारीतला सोमवार. तेव्हा हॉटेलांचे दर्जेदार पाहुणे टेनेरिफला असतात.

बसचंही तेच. केंडलहून विंडरमीअर, अ‍ॅम्बलसाइड, ग्रासमिअर करत थर्लमिअरच्या बाजूने केझिकला जाणारी ५५५ नंबरची बस ही त्या खोऱ्यांची रक्तवाहिनी आहे. शाळेची पोरं, हॉटेलात काम करणाऱ्या बायका, दवाखान्यात निघालेले म्हातारे तिनेच जातात. जानेवारी २०२५ पासून एका दिशेच्या तिकिटाला तीन पौंडांची मर्यादा आहे. पाठपिशवीवाल्यांनी भरलेल्या सीटा या बसला जगवतात; मोटारवाल्याने तिच्यासाठी एक पेनीही दिलेली नसते. केझिकची रेल्वे १९७२ मध्ये बंद झाली, कॉनिस्टनची प्रवासी गाडी त्याआधीच, १९५८ मध्ये. प्रवासी नसले की काय होतं ते या गावांनी पाहिलं आहे.

गावाला खरोखर पोखरणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती दर्जेदार माणसाच्याच खिशातून येते. दुसरं घर. लेक डिस्ट्रिक्टमध्ये कायमची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. काही खेडी अशी आहेत की तिथे बारमाही राहणाऱ्यांपेक्षा सुट्टीपुरत्या येणाऱ्यांची घरं जास्त. अशा घराचा मालक वर्षातून काही आठवडे येतो, भरपूर खर्च करतो, आणि उरलेला काळ खिडक्या बंद असतात. शाळेला पोरं मिळत नाहीत. कॅफेत काम करणारा पोरगा केंडलहून नाहीतर पेनरिथहून येतो, कारण गावातलं घर त्याला या जन्मात परवडणार नाही. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या स्थानिक परिषदांना अशा दुसऱ्या घरांवर दुपटीपर्यंत कर लावायची मुभा मिळाली, ती उगाच नाही. एका हॉस्टेलच्या इमारतीत वर्षभरात हजारो माणसं झोपून जातात. तिच्या जागी सुट्टीची घरं झाली तर तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कुटुंबं येतील. युथ हॉस्टेल संघटनेने २०२३ मध्ये आपली वीस हॉस्टेलं विकायला काढली, तेव्हा आमच्या स्नेह्यांना आनंद झाला असेल. मला झाला नाही.

कचऱ्याच्या आरोपाला मात्र सरळ भिडायला हवं, कारण त्यात तथ्य आहे. २०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदी सैलावल्यावर, सरोवरांच्या काठांवर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. टाकून दिलेले तंबू, जळलेलं गवत, फेकून द्यायच्या शेगड्या, बाटल्या. स्कॉटलंडमध्ये लोख लोमंडच्या पूर्व काठाने तर हे कितीतरी आधी भोगलं होतं. तो प्रकार संतापजनकच होता. पण तो करणारे बहुतेक मोटारीने आले होते. डिकीत बिअरचे खोके आणि सुपरमार्केटचा स्वस्तातला तंबू. पाठीवरून वाहून आणलेला तंबू कुणी फेकून जात नाही, कारण उद्या रात्री त्यातच झोपायचं असतं. आणि लोख लोमंडने उपाय काय केला? गरिबांना बंदी केली नाही. २०१७ पासून मार्च ते सप्टेंबर या काळात काठच्या ठरावीक पट्ट्यांत परवाना सक्तीचा केला, तोही अगदी थोडक्या पौंडांचा, आणि तंबूंच्या जागा आखून दिल्या. प्रश्न गर्दीच्या शिस्तीचा होता, गर्दीच्या ऐपतीचा नव्हता, हे तिथल्या लोकांना कळलं. वेल्सने २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात पाहुण्यांवरचा कर लावायची मुभा स्थानिक परिषदांना दिली, तर तिथेही हॉस्टेल आणि तंबूवाल्यांना रात्रीचे ७५ पेन्स आणि इतरांना १ पौंड ३० पेन्स असा फरक ठेवला. बाला आणि लानबेरिससारखी तळ्याकाठची गावं ज्या देशात आहेत, त्या देशाच्या विधिमंडळाला स्वस्तात येणारा माणूस हाकलून द्यायचा नाही, इतकं यातून दिसतं.

आणि पाणी घाण होतं म्हणाल, तर विंडरमीअरचं दुखणं काठावरच्या चिप्सच्या पिशव्या हे नाही. ते मैलापाणी आहे. जलकंपनीच्या यंत्रणेतून ओव्हरफ्लो होणारं आणि खासगी घरांच्या शोषटाक्यांतून झिरपणारं. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवट शेवाळ धरतं ते त्यातल्या फॉस्फरसमुळे. मार्च २०२५ मध्ये खुद्द सरकारला जाहीर करावं लागलं की या सरोवरात फक्त पावसाचं पाणी जावं, हे ध्येय आहे. हॉस्टेलच्या संडासांचा वाटा त्यात आहेच, तो मी नाकारत नाही. पण हॉट टब लावलेल्या लॉजचा पाहुणा आणि पाळीपाळीने शॉवर घेणारे सहा विद्यार्थी यांच्यात पाणी कोण जास्त सांडतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आवाजाचं म्हणाल, तर २००५ मध्ये विंडरमीअरवर ताशी दहा मैलांची वेगमर्यादा लागू झाली, ती कुणासाठी? सामाईक खोलीत झोपणाऱ्या पोरांकडे स्पीडबोटी नव्हत्या. वर्षाला पावणेदोन कोटींच्या आसपास फेऱ्या या मुलखात होतात, आणि बहुसंख्य माणसं स्वतःच्या मोटारीने येतात. अरुंद दगडी रस्त्यांवर उन्हाळ्यात ज्या रांगा लागतात, त्यांत पाठपिशवीवाला फक्त बसच्या खिडकीत असतो, आणि मोटारींमुळेच त्याची बस अडकते.

राहिली ‘आपली शोभा’. गोऱ्यांच्या नजरेची ही धास्ती मला समजते, तिला इतिहास आहे, पण इथे ती अगदी अस्थानी आहे. या देशात डोंगरावर बसून घरून आणलेलं सँडविच चांदीच्या कागदातून काढून खाणारा, फ्लास्कमधला चहा पिणारा माणूस हा सभ्यपणाचा नमुना समजला जातो. तो न्यायाधीशही असू शकतो. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात निवृत्त शिक्षक, सायकलवाली जोडपी, शाळेच्या सहलीची पोरं असतात. तिथे कुकरची शिट्टी झाली तर फार तर कुणी विचारतं, काय शिजतंय? शोभा होत असेल तर दुसऱ्या एका गोष्टीने होते, आणि ती आमच्या मुलांना सांगायलाच हवी. कळसूबाई १६४६ मीटर आणि स्काफेल पाइक फक्त ९७८, म्हणून कॅनव्हासचे बूट घालून, नकाशाशिवाय, दुपारी दोनला चढायला लागू नका. तिथलं धुकं उंची विचारत नाही. अडकलात तर ज्या माउंटन रेस्क्यूच्या तुकड्या रात्री शोधायला येतात, ती कामधंदा सांभाळणारी स्वयंसेवक माणसं असतात आणि एक पैसा घेत नाहीत.

‘दर्जेदार प्रवासी’ हा मंत्र आपल्याकडेही आला आहेच. गोव्यात तो वर्षानुवर्षं जपला जातो. २०१९ मध्ये तिथे उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्या पर्यटकांना दंड लावणारी दुरुस्ती झाली. कचऱ्यासाठी दंड असावा, जरूर असावा. पण त्या वेळच्या चर्चांत रोख कचऱ्यावर कमी आणि भाड्याच्या बसमधून भांडी घेऊन येणाऱ्या माणसांवर जास्त होता, आणि ती माणसं बऱ्याच अंशी आपल्याच महाराष्ट्र-कर्नाटकातली. तळ्याकाठचं गाव निव्वळ ऐपतदारांसाठी काढलं तर काय होतं, याचाही प्रयोग आपण करून पाहिला. वरसगावच्या धरणाच्या पाण्याशी, इटलीतल्या पोर्टोफिनोचा नमुना समोर ठेवून लवासा उभं राहिलं. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायची नोटीस दिली, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारं कुणी नाही, ज्या वाटेसाठी कुणी भांडलेलं नाही, त्या गावाला वाईट दिवस आल्यावर वाचवायलाही कुणी येत नाही. केझिक १८८७ मध्ये लॅट्रिगवर चालून गेलं, त्यात गावकरी होते तसे पाहुणेही होते.

म्हणून आमच्या स्नेह्यांना आणि त्यांच्यासारखं मत असणाऱ्या इथल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना एक विनंती आहे. पुढची सहल ऑगस्टच्या कोचऐवजी नोव्हेंबरात काढा. रेल्वेने विंडरमीअरला उतरा, ५५५ धरा, हॉस्टेलची सगळी खोली आपल्या नावावर घ्या, स्वयंपाक तिथेच करा आणि किराणा गावातल्या दुकानातून घ्या. विद्यार्थ्यांना बरोबर न्या. वाटा त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत. आणि कुणी रात्री हरिश्चंद्रगडाची गोष्ट काढली, तर ती पूर्ण ऐकून घ्या.